अळणी चाळीस दिवस

मार्च लागला की भाईंदरच्या जेसल पार्कमधल्या आमच्या खिडकीचे गज पुन्हा फुगायला लागतात. दिवाळीत दिलेल्या रंगाखाली फोड येतात आणि नखाने खरवडलं की तांबडी भुकटी निघते. खाडीवरचा वारा या दिवसांत दुपारी जोर धरतो. दोरीवरचे कपडे लवकर वाळतात, पण कडक होतात. थोडं चालून आलं की ओठ खारट लागतात. पश्चिमेला जी मिठागरं अजून शिल्लक आहेत, तिथे पांढरे ढीग उभे राहतात. आणि याच सुमाराला, एखाद्या बुधवारी, कपाळावर राखेचा क्रूस काढलेली माणसं बाजारात कोथिंबीर निवडताना दिसतात. ख्रिस्ती लोकांचा चाळीस दिवसांचा उपासकाळ सुरू झालेला असतो.

मिठाचे दिवस आणि उपासाचे दिवस भाईंदरमध्ये दर वर्षी असे एकत्रच येतात. त्यात विशेष काही नाही. एका वर्षी मात्र ते एका डायलिसिस वॉर्डच्या दारात एकत्र आले. त्या दारातून, आजाऱ्यांजवळ जाऊन बसणाऱ्या फिलोमिनाबाईंना आत जाऊ द्यायचं की नाही, असा तो प्रश्न होता. तो उभा राहिला माझ्यामुळे. म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

बावीस वर्षं मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर होतो. चार वाक्यांचं एक करायचं, तेच तेच पुन्हा आलं की लाल पेनाने उडवायचं, हे काम. ती नोकरी संपल्यावर भाईंदर पूर्वेला, एका चर्चमागच्या इमारतीतल्या दोन खोल्यांत नवं काम मिळालं. दारावरच्या पाटीवर वर ‘व्यावहारिक ईशज्ञान’ आणि खाली ‘चपला बाहेर काढाव्यात’ असं होतं. नाव भारदस्त, काम साधं. देवाबद्दल ग्रंथांत काय म्हटलंय ते तिथल्या लोकांना पाठ होतं. त्यांना बघायचं होतं ते हे, की आजारी माणसाच्या उशाशी जाऊन बसणारा माणूस तिथे नेमकं काय करतो, काय बोलतो आणि त्याने त्या आजाऱ्याला काही फरक पडतो का. हॉस्पिटलात असं जाऊन बसणाऱ्याला चॅप्लिन म्हणतात. केंद्राचे तीन चॅप्लिन होते, त्यांच्या नोंदी मराठीत यायच्या आणि त्या नीट करायला माणूस हवा होता. मी ख्रिस्ती नाही, हे मुलाखतीत आधीच सांगितलं. केंद्र चालवणारे फादर रेमंड म्हणाले, “आम्हाला व्याकरण हवंय हो, बाप्तिस्मा नको.”

नोंदींची एक पद्धत होती. वॉर्डात वही काढायची नाही, रेकॉर्डिंग करायचं नाही. बाहेर पडल्यावर, दिवस मावळायच्या आत, झालेलं बोलणं आठवून जसंच्या तसं उतरवायचं. डावीकडे कोण बोललं, उजवीकडे काय बोललं. बोलणं थांबलं तर तेही लिहायचं: किती वेळ थांबलं आणि त्या वेळात काय ऐकू आलं. याला ते व्हर्बॅटिम म्हणत. महिन्यातून एकदा सगळे गोल बसून एकमेकांची व्हर्बॅटिम वाचत आणि सोलून काढत.

या पद्धतीत नवी माणसं एक चूक हमखास करतात. आजाऱ्याचे शब्द बरोबर आठवतात, पण स्वतःचे शब्द वहीत उतरताना सुधारतात. एका शिकाऊ मुलीने लिहिलं होतं, ‘मी: तुमच्या वेदनेच्या काठावर मी उभी आहे.’ फादरनी चष्मा कपाळावर चढवला.

“हे तू वॉर्डात बोललीस, की घरी जाताना रिक्षात सुचलं?”

“रिक्षात, फादर.”

“वॉर्डात काय बोललीस?”

“चहा घेतला का, असं.”

“मग तेच लिही. चहा चांगला आहे.”

फिलोमिनाबाईंच्या वहीत ही चूक कधीच सापडली नाही. केंद्राच्या तीन चॅप्लिनांपैकी त्या एक, खाडीकाठच्या राई गावच्या. बालवाडीत शिकवून निवृत्त झालेल्या, गुडघ्यांनी अधू, पायात रबरी चपला, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत शंभर पानी वही. त्यांच्या पानांवर आजाऱ्याचं बोलणं भरभरून असे आणि त्यांच्या स्वतःच्या नावासमोर बहुतेक एकच मजकूर: ‘मी गप्प.’ खाली, ‘मी गप्प. पंखा. दोन नंबरचं मशीन वाजलं, नर्स आली, गेली.’ त्याखाली पुन्हा, ‘मी गप्प. वीस मिनिटं.’ पेशंट त्यांना फिलूबाय म्हणत. आमच्याशी त्या शाळेतलं मराठी बोलायच्या, वॉर्डात गावचं.

वॉर्ड एका ट्रस्टच्या हॉस्पिटलातला. नाव लिहायची गरज नाही. दहा बेड, दहा मशीन. प्रत्येकाला चार तास, आठवड्यातून तीन वेळा. एसीने पाय गार पडायचे म्हणून प्रत्येकजण घरून चादर आणायचा, त्यामुळे त्या पांढऱ्या खोलीत दहा घरांचे रंग अंथरलेले असायचे. स्पिरिटचा वास, मुका टीव्ही, घोटभर मोजून प्यायचं पाणी. आणि डबे. किडनीच्या पेशंटचे डबे. त्यांची झाकणं उघडताना कुणाच्याच चेहऱ्यावर उत्सुकता नसायची.

सहा नंबरच्या बेडवर दामाकाका. पूर्ण नाव दामोदर. खाडीकाठच्या गावातले, आता भाईंदर पूर्वेला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहणारे. उभा जन्म मिठागरात गेलेला. ज्याने आयुष्यभर मीठ ओढलं त्यालाच डॉक्टरने मीठ बंद केलं, हा विनोद ते स्वतःच रोज करायचे, आणि दुसऱ्या कुणी केला तर रागवायचे. पहिल्या भेटीत त्यांनी फिलोमिनाबाईंना गाव विचारलं. राई म्हटल्यावर बोलले, “मंग आमच्याच खाडीची तू. बस. पन देवाचं काय सांगू नको.”

“न्हाय सांगत.”

“मंग काय करशील?”

“बसते.”

त्या वर्षी राखेच्या बुधवारी केंद्रात उपासकाळापुरतं कुणी काय सोडलं याची चौकशी चालली होती. एकाने मटण सोडलं होतं, एकीने मोबाइलवरच्या मालिका. फिलोमिनाबाई म्हणाल्या, “मीठ.”

“बाई, बीपी निघालं की काय?” फादरनी विचारलं.

“बीपी नाही. वॉर्डातले सगळे डब्याला शिव्या घालतात. शिव्या बरोबर आहेत का ते बघते.”

तिसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं की शिव्या कमी पडतात. अळणी भात तोंडात फिरतो, खाली उतरत नाही. अळणी वरणाला नुसता हळदीचा वास येतो. पाचव्या दिवसापासून त्यांना रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीवरचं मीठ नाकाने कळायला लागलं, भेळ, शेंगा, चिरलेली कैरी. दामाकाकांना हे समजल्यावर त्यांनी मोकळ्या हाताने कपाळ बडवलं. “मीठ सोडलंस? तू पन आमचा धंदा बुडवायला निघालीस काय?” आणि मग बाजूच्या बेडवरच्या जशोदाबेनना मोठ्याने, “सुना क्या? ये बाई हमारे वास्ते फीका खाती है. पागल है.” जशोदाबेन म्हणाल्या, “पागल तो है, पण डाही छे.” म्हणजे शहाणी आहे. त्यानंतर वॉर्डात रोज तासभर कुठला पदार्थ मिठाशिवाय सगळ्यात वाईट लागतो यावर चर्चा चाले. उकडलेल्या बटाट्याने पहिला नंबर सोडला नाही.

आता माझी चूक.

त्याआधीच्या हिवाळ्यात केंद्राने एक छोटी पुस्तिका छापली होती. चॅप्लिन काय करतात हे बाहेरच्यांना कळावं म्हणून, नावं बदलून, काही निवडक पानं. दामाकाकांचं एक पान त्यात होतं. त्यांनी छापायला परवानगी दिली होती, एका अटीवर: शेवटच्या अकरा ओळी छापायच्या नाहीत. ती अट मी पाळली. बाकी पान मात्र माझ्या टेबलावर आलं तेव्हा ते एक पान नव्हतंच. ती नोव्हेंबर ते जानेवारीतल्या पाच भेटींची पाच पानं होती. प्रत्येक भेटीच्या सुरुवातीला बाईंनी एकदाच विचारलेलं, ‘आज प्रार्थना हवी का, दादा?’ दामाकाकांचं उत्तर, ‘नको.’ मग पानभर ‘मी गप्प’. पुढची भेट, पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा ‘नको’, पुन्हा पानभर शांतता. असं चार वेळा. पाचव्या वेळी दामाकाका म्हणाले, ‘म्हण.’

मला ते लांबलेलं वाटलं. तारखा काढल्या, कारण त्यांनी वाचणारा अडखळत होता. ‘मी गप्प’ सगळे काढले, कारण ते तेच तेच होतं. पाच पानांचं एक पान झालं. आटोपशीर झालं. सवयीचा हात होता, कुठे अडला नाही. छापून आलं ते असं:

‘प्रार्थना हवी का?’ ‘नको.’ ‘प्रार्थना हवी का?’ ‘नको.’ ‘प्रार्थना हवी का?’ ‘नको.’ ‘प्रार्थना हवी का?’ ‘नको.’ ‘प्रार्थना हवी का?’ ‘म्हण.’

पुढे काही नाही.

पुस्तिकेच्या दहा प्रती हॉस्पिटलात भेट म्हणून गेल्या होत्या. त्यांतली एक रिसेप्शनच्या टेबलावर पडून राहिली आणि कुणाच्या तरी नातेवाइकाने वाट बघता बघता वाचली. राखेच्या बुधवारनंतर आठवड्याने लेखी तक्रार आली. मशीनला बांधलेल्या म्हाताऱ्याला ही बाई पाच वेळा छळते, शेवटी तो कंटाळून हो म्हणतो, हा धर्म बदलण्याचा प्रकार आहे, असा मजकूर होता. नावं बदललेली होती, पण डायलिसिस वॉर्डात जाणाऱ्या चॅप्लिन बाई एकच होत्या. तक्रार करणाऱ्याला दोष देता येत नाही. त्या पानात तेच दिसत होतं. मी बाहेरचा वाचक असतो तर मलाही तेच दिसलं असतं.

हॉस्पिटलच्या मॅनेजरांनी फादरना, बाईंना आणि मला बोलावलं. गृहस्थ सभ्य होते. पाणी दिलं, एसी कमी केला.

“मॅडम, आमचं काही पर्सनल नाही. कंप्लेंट आलीय तर आम्हाला प्रोसिजर करावी लागते. तुमच्या वह्या द्या. कमिटी बघेल. आठ दिवसांत क्लिअर होऊन जाईल.”

मी सांगितलं की चूक संपादनाची आहे, माझी आहे. ते म्हणाले, “मग तर सोपं झालं. ओरिजिनल दाखवा.”

फिलोमिनाबाई म्हणाल्या, “दाखवता येणार नाही, साहेब.”

“का? काही तसं आहे का त्यात?”

“त्यात माझं असं काहीच नाही. माझ्या नावासमोर बघाल तर पान कोरं आहे. बाकीचं सगळं त्यांचं आहे.”

“मग भीती कसली?”

“भीती नाही. जे माझं नाही ते मी तुम्हाला कसं देऊ?”

मॅनेजरांनी फादरकडे पाहिलं. वह्या आल्या नाहीत तर बाईंचा वॉर्ड बंद आणि केंद्राचं या हॉस्पिटलातलं कामही बंद, असं त्यांनी आवाज न चढवता सांगितलं. फादर रेमंडनी या अभ्यासात कित्येक वर्षं घातली होती. त्यांनी ग्लासातलं पाणी संपवलं आणि म्हणाले, “संशोधन थांबेल, एवढंच ना? थांबू दे.”

लेखी उत्तर मागितलं होतं. मी अडीच पानांचं उत्तर तयार केलं. संपादनात नेमकं काय झालं, शांततेच्या नोंदी का ठेवतात, आजाऱ्याने विश्वासाने सांगितलेलं का उघड करायचं नसतं, सगळं मुद्देसूद. बाईंनी ते केंद्रातल्या टेबलावर बसून शांतपणे वाचलं. मग माझ्याकडून पेन्सिल मागितली आणि एकेका परिच्छेदावर आडवी रेघ मारत गेल्या. शेवटी एक वाक्य उरलं: ‘वह्या मिळणार नाहीत.’

“आणि हे ‘आपली विश्वासू’ राहू दे?” त्यांनी विचारलं.

“राहू दे.”

“बघा पेपरवाले, आम्हालाही कापता येतं.”

दुसऱ्या दिवसापासून वॉर्डाचं दार त्यांना बंद झालं. त्या आल्या नाहीत असं मात्र झालं नाही. वॉर्डाबाहेरच्या पॅसेजमध्ये लोखंडी बाक होता, नातेवाइकांसाठी. सहा नंबरचा बेड ज्या भिंतीला लागून होता, तिच्याच दुसऱ्या बाजूला. मंगळवार, गुरुवार, शनिवार, अकरा ते तीन त्या तिथे बसायच्या. पॅसेजमध्ये एसी नव्हता. खिडकीतून खाडीचा वारा यायचा, गरम आणि खारट. पिशवीत अळणी पोळी-भाजीचा डबा. सिक्युरिटीवाला पहिल्या दिवशी म्हणाला, “मौसी, अंदर मना है आपको.” त्या म्हणाल्या, “मैं बाहरच बैठी है ना?” त्याने विचार केला आणि पंखा त्यांच्या बाजूला वळवला.

चौथ्या-पाचव्या दिवशी भिंतीतून आवाज आला. दोन ठोके. आत दामाकाका स्टीलचा ग्लास भिंतीवर आपटत होते. नर्स ओरडली, “काका, काय चाललंय?”

“भिंत पक्की हाय का बघतोय. हल्लीच्या बिल्डरांचा भरोसा न्हाय.”

बाईंनी डब्याचं झाकण काढलं आणि भिंतीवर दोनदा वाजवलं. त्या दिवशीचं व्हर्बॅटिम त्यांनी नेहमीप्रमाणे लिहिलं. मी पाहिलं आहे. ‘तो: दोन ठोके. मी: दोन ठोके. शांतता, तीन तास. पंखा.’

मला ते बघवत नव्हतं. मी वर्तमानपत्रात शिकलो ते एवढंच की आरोप खोटा असेल तर कागद पुढे टाकावा. कागद होता. त्या पाच पानांवर तारखांसकट सगळं स्वच्छ दिसत होतं. ज्याचे शब्द आहेत त्याने हो म्हटलं तर अडचण उरत नाही, असा हिशेब करून मी एका बुधवारी, मशीन नसतं त्या दिवशी, दामाकाकांच्या घरी गेलो. तिसरा मजला, गॅलरीत तुळस आणि वाळत घातलेल्या मिरच्या. ते लुंगीवर बसले होते. पाय पुढे पसरलेले, टाचांच्या भेगा इतक्या जुन्या की त्यांना धारच राहिली नव्हती. मी परवानगी मागितली.

“माझं पान मी दिलं असतं,” ते म्हणाले. “पन वही माझ्या एकट्याची हाय का? तिच्यात जशोदाबेन हाय, पलीकडच्या बेडवरचा रफिकभाई हाय. त्यांना पन इचारनार?”

“विचारू.”

“आनि ते नको म्हनतील?”

मी म्हटलं, म्हणायचं तर म्हणू शकतात.

दामाकाका हसले. “तू कदी मशीनला बांधून घेतलंस? चार तास? तिथं नको म्हनायची सोय नसते, बाबा. डॉक्टर आला, हो. सुई आली, हो. पोरगा बोलतो अळणी खा, हो. मॅनेजर येऊन बोलला सही कर, तर काय नको म्हननार? उद्या मशीन त्याच्याच हातात हाय.” मग पाय आवरून घेत, “तिथं एकच बाई येते जिला नको म्हनता येतं. ती इचारते, मी नको म्हनतो, ती बसते. रागवत न्हाय, समजावत न्हाय, उठून जात न्हाय. चारदा म्हटलं मी. मुद्दाम म्हटलं. कसलं बरं वाटायचं तुला काय सांगू.”

ही मुलाखत मी लिहून घेतली नव्हती. जिना उतरून रिक्षात बसल्यावर, केंद्राच्या पद्धतीने, आठवून उतरवली. माझे शब्द सुधारायचा मोह झाला. सुधारायला फारसे नव्हतेच.

त्या चार ‘नको’भोवतीची शांतता मी उडवली होती. तिच्यात एक माणूस दर भेटीत मोकळा होत होता. लाल पेनाला ते दिसलं नाही. निघताना दामाकाकांनी दारातून हाक मारली.

“ते बाहेर बसून किती दिवस? एकेकाला एक पास असतो ना नातेवाइकाचा?”

पुढच्या मंगळवारी जशोदाबेनच्या पासवर फिलोमिनाबाई आत गेल्या. पासवर पेशंटचं नाव, येणाऱ्याचं नाव आणि नातं असे तीन रकाने होते. नात्यापुढे लिहिलं होतं ‘भाभी’. गुरुवारी रफिकभाईंच्या पासवर ‘आपा’. शनिवारी दोन नंबरच्या बेडवरच्या सरांच्या पासवर ‘मावशी’, आणि सर बाईंपेक्षा वयाने दहा वर्षं मोठे होते. सिक्युरिटीवाला पास उलटसुलट करून बघायचा.

“मौसी, आपका खानदान कितना बड़ा है?”

“राई का है बाबा. बड़ाच रहता है.”

हे आठ दिवस चाललं. मग वॉर्डाच्या दारावर टाइप केलेला कागद लागला: पासवर खोटं नातं लिहिल्यास पास रद्द होईल. मॅनेजर हुशार होते. फिलोमिनाबाई पुन्हा बाकावर आल्या. उपासकाळाचा शेवटचा आठवडा उजाडला होता. त्यांचे गाल बसले होते. मी विचारलं, अजून मीठ नाही? त्या म्हणाल्या, “आतल्यांचा उपास संपलाय का?”

त्या आठवड्याच्या मंगळवारी दामाकाकांचा मुलगा पास भरत होता. नात्याच्या रकान्यात त्याने ‘बहीण’ लिहिलं. दामाकाकांनी मोकळ्या हाताने पास ओढून घेतला.

“खोड ते. बहीण न्हाय माझी. खोटं लिहू नको, कागद लावलाय दारावर.”

“मग काय लिहू, बाबा?”

“ती काय करते ते लिही. बाजूला बसते.”

“हे काय नातं आहे?”

“लिही.”

मुलाने लिहिलं. सिक्युरिटीवाल्याने वाचलं, हसला नाही, पास घेऊन मॅनेजरांकडे गेला. मॅनेजर स्वतः वॉर्डात आले. मी पॅसेजमध्ये होतो, दार उघडं होतं.

“काका, हे नातं होत नाही.”

“खोटं हाय का?”

“खोटं नाही, पण—”

“तुमच्या कागदावर काय लिवलंय? खोटं लिहू नका. मी खरं लिवलंय. आता तुम्ही सांगा, माझ्या बाजूला कोन बसतं? पोरगा कामाला जातो. तुम्ही बसनार?”

जशोदाबेन चादरीतून उठून बसल्या. रफिकभाईंनी टीव्हीवरची नजर काढली. दहा माणसं मॅनेजरांकडे बघत होती. त्यांच्यापैकी कुणालाही जागेवरून हलता येत नव्हतं. मॅनेजरांना हलता येत होतं. त्यांनी पासवर आडवी सही केली आणि ते बाहेर पडले. फिलोमिनाबाई बाकावरून उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश, आणि आत जाऊन सहा नंबरच्या स्टुलावर बसल्या.

“आलीस?” दामाकाका म्हणाले.

त्या गप्प.

रविवारी ईस्टर, म्हणजे पुनरुत्थानाचा सण झाला आणि उपासकाळ संपला. मंगळवारी त्या कैरीची एक फोड मीठ लावून घेऊन आल्या आणि वॉर्डाबाहेर उभं राहून खाल्ली. आत, सगळ्यांच्या समोर, त्यांना ती खायची नव्हती. दामाकाकांना कळलंच. त्यांनी विचारलं, “खडं मीठ की बारीक?” खडं म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटले. मग बोलले, “बरं केलंस.”

दामाकाका त्या पावसाळ्यानंतर गेले. अंत्यविधीला फिलोमिनाबाई बायकांच्या घोळक्यात मागे उभ्या होत्या. कुणी त्यांना विचारलं, तुम्ही कोण? त्यांनी काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही.

ते प्रकरण कागदावर अजून उघडं आहे आणि केंद्राचं तिथलं काम तेव्हापासून बंदच आहे. मॅनेजर बदलले, तक्रारीची फाइल नव्या मॅनेजरांकडे गेली, वर्षातून एकदा वह्यांची मागणी करणारं पत्र येतं. वर्षातून एकदा उत्तर जातं. एक वाक्य, खाली ‘आपली विश्वासू’. वह्या आता सतरा झाल्या आहेत. त्या कुठे आहेत ते मला माहीत आहे आणि सांगायला मी बांधील नाही.

पुस्तिकेची दुसरी आवृत्ती केंद्राने स्वतःच्या जोरावर काढली. ते पान या वेळी पाच पानांवर गेलं. तारखा परत आल्या, पंखा परत आला, ‘मी गप्प’ परत आले, जिथे होते तिथे, जितके होते तितके. छापखान्यातून फोन आला, “साहेब, अठरापासून बावीसपर्यंत पानं जवळजवळ कोरीच दिसतायत. मॅटर राहिलंय का पाठवायचं?” त्याला सांगितलं, राहिलेलं नाही, तसंच छापा. “कागद वाया जातोय,” तो म्हणाला. जाऊ दे म्हटलं.

‘म्हण’ नंतरच्या अकरा ओळी त्याही आवृत्तीत नाहीत. मी त्या इतक्या वेळा वाचल्या आहेत की मला पाठ आहेत. बातमीच्या धंद्यात ज्याला शेवट म्हणतात, तो त्या ओळींत आहे. मी काम केलं त्या कुठल्याही संपादकाने त्या पहिल्या परिच्छेदात घेतल्या असत्या. त्या इथेही येणार नाहीत.

यंदा राखेचा बुधवार होऊन गेला त्या गुरुवारी मी केंद्रातून बाईंसाठी नव्या वह्या घेऊन हॉस्पिटलात गेलो. पॅसेजमधला बाक तोच, खिडकीतला वारा तोच. दारावरचा टाइप केलेला कागद पिवळा पडला आहे, पण काढलेला नाही. सिक्युरिटीवाला नवीन आहे. फिलोमिनाबाई रांगेत उभ्या होत्या, कपाळावर आदल्या दिवशीच्या राखेची पुसट खूण. यंदाही मीठ सोडलंय का, विचारलं नाही. पिशवीतल्या डब्यावरून कळत होतं. त्यांच्या हातात पुढच्या दोन आठवड्यांचे पाच पास होते, पाच वेगळ्या बेडवरचे, पाच वेगळ्या अक्षरांतले. त्यांतल्या कुणीही दामाकाकांना पाहिलेलं नाही. मी वरचा पास वाचला. नात्याच्या रकान्यात ‘बाजूला बसते’. दुसरा हिंदीत, ‘बगल में बैठती है’. तिसरा गुजरातीत होता, मला नीट लागला नाही.

“यात काय आहे?” मी विचारलं.

“तेच,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. सिक्युरिटीवाल्याने पास घेतला, रकाना वाचला आणि दार धरून ठेवलं.